पोच बंद ठेवणे

अतल-३ वर संध्याकाळ आपोआप होत नसे. सात वाजले की छतातले दिवे पिवळट व्हायचे, तेवढीच काय ती संध्याकाळ. हिंदी महासागराच्या पाण्याखाली चौतीसशे मीटरवर सूर्याचं काही चालत नाही. तिथल्या एका पोलादी गोळ्यात तनुजा चौगुले ही चौतीस वर्षांची बाई गेले दहा महिने एकटी राहत होती आणि समुद्राच्या तळाला कंप सुटतो का, यावर लक्ष ठेवत होती. तळ हलला की वर किनाऱ्यावर त्सुनामीचा इशारा जायचा. काम फार महत्त्वाचं होतं, आणि फार महत्त्वाच्या कामांचं बहुधा असतं तसं, त्यात करण्यासारखं फारसं काही नव्हतं.

म्हणून सात वाजता ती खेळायला बसायची. खेळाचं नाव 'घाटवळण'. तिच्या लहानपणचा, आता कुणाला आठवतही नसेल असा जुना खेळ. तो दोघांनी खेळायचा. एकाने लाल एसटी चालवायची, दुसऱ्याने कंडक्टर व्हायचं. घाटात दाट धुकं असतं, ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही, आणि रस्त्याचा नकाशा फक्त कंडक्टरकडे असतो. तो सांगेल तसं वळायचं. तनुजा कंडक्टर आणि तिचे वडील सर्जेराव, म्हणजे आबा, ड्रायव्हर, हे तिच्या सातव्या वर्षी ठरलं होतं आणि त्यात कधी बदल झाला नाही. आबांनी एकतीस वर्षं गगनबावड्याच्या घाटात खरी एसटी चालवली होती. खेळातला घाट त्यांना पोरकट वाटायचा, कारण त्यात म्हसरं आडवी येत नाहीत. तरी एक दिवस चुकवायचे नाहीत.

बापलेकीला नुसतं समोरासमोर बसवलं तर दोघंही गप्प. मध्ये एक घाट ठेवला की मग बोलणं आवरायचं नाही. आई गेली त्या वर्षी दोघं तिच्याविषयी जे काही बोलले ते सगळं 'घाटवळणा'त, एक डोळा रस्त्यावर ठेवून. खाली यायच्या आधी तनुजाने फक्त दोन गोष्टींची खात्री करून घेतली होती, ऑक्सिजनची आणि हा खेळ इथे चालेल याची.

आणि आता तीन आठवडे खेळ चालत नव्हता.

उघडायला गेलं की पडदा काळा व्हायचा, क्षणभर लाल बस दिसायची आणि सगळं बंद पडायचं. तनुजाने जे जे करतात ते सगळं करून पाहिलं. यंत्र बंद करून चालू केलं. जगातल्या निम्म्या दुखण्यांवर तेच औषध आहे. खेळाच्या फायली तपासल्या, एकही मोडलेली निघाली नाही. खेळ काढून पुन्हा बसवला. चित्राची स्पष्टता कमी केली, धुकं कमी केलं, बसमधले उतारू काढून टाकले. शेवटी कुठल्याशा कोपऱ्यातल्या सूचनेत खरं कारण सापडलं. खणात जागा नव्हती. खण म्हणजे केंद्राच्या मोठ्या साठ्यातला तिला मिळालेला खासगी तुकडा. बाकी सगळा साठा भूकंपाच्या नोंदींसाठी राखलेला होता आणि त्यातला एक बाइटही तिला मिळण्यासारखा नव्हता.

तिने गाणी पुसली. मग सिनेमे पुसले. मैत्रिणीच्या लग्नाचा व्हिडिओ पुसताना हात जड झाला, पण पुसला. खेळ दोन दिवस चालला आणि पुन्हा खण काठोकाठ. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार होता, पण आग नेमकी कुठे आहे ते तिला समजत नव्हतं.

आबांशी बोलणं मात्र रोज व्हायचं. जेवलीस काय, काय केलंतीस, झोप लागते काय, आणि मग, खेळाचं बग की जरा. एवढ्यावर संपायचं. दहा मिनिटांत दोघांकडचे शब्द सरायचे आणि उरलेला वेळ बोलण्याचा संच नुसता चालू ठेवलेला असायचा. तनुजाला त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा आपण किती खोल आहोत ते जाणवलं.

अशात डॉ. नसीम मुजावर बुडीतून खाली आल्या. बुडी म्हणजे केंद्रात माणसं आणि सामान ने-आण करणारी छोटी पाणबुडी, वर्षातून चारदा येणारी. पंचावन्न वर्षांच्या, मूळच्या सांगलीच्या, कमी बोलणाऱ्या या बाई चार दिवस केंद्राची संपर्कयंत्रणा तपासायला आल्या होत्या. ती यंत्रणा त्यांनीच बनवलेली होती. पहिल्या दिवशीचं काम संपल्यावर तनुजाने चहा करून दिला आणि जरा ओशाळतच विचारलं, तेवढं माझ्या खेळाचं बघाल का. डॉक्टरबाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, इथे माणसं खेळावरच जगतात, दाखवा.

आता ती यंत्रणा काय होती हे सांगायला हवं. पाण्यातून रेडिओच्या लहरी जात नाहीत. केबल दोनदा टाकली आणि समुद्रतळाच्या घसरणीने दोन्ही वेळा तुटली. उरला आवाज. पाण्यातून आवाज लांबवर जातो, देवमासे त्यावरच संसार करतात. पण आवाजाची वाट फार अरुंद आहे, आणि तीवर पहिला हक्क भूकंपाच्या नोंदींचा. माणसाच्या वाट्याला मिनिटाला मजकुराच्या चार-दोन ओळी याव्यात, एवढीच जागा. तीमधून आबांचा आवाज, चेहरा आणि शिवाय एसटी कशी जाणार?

डॉ. मुजावरांचं उत्तर असं होतं की ते पाठवायचंच नाही. माणूस बोलतो त्यातलं बहुतेक बोलणं आधीच ओळखता येण्यासारखं असतं. तेव्हा वर्षभर त्या माणसाचं बोलणं-वागणं यंत्राला ऐकवायचं आणि पुढे तो काय बोलेल याचा अंदाज करायला यंत्राला शिकवायचं. या शिकलेल्या अंदाजाला त्या 'अटकळ' म्हणत. आबांची एक अटकळ त्यांच्या घरच्या संचात आणि तिचीच हुबेहूब जुळी अटकळ समुद्राखाली तनुजाच्या खणात. दोन्ही जुळ्या एकाच वेळी एकच अंदाज करतात. घरी आबा अंदाजाप्रमाणेच बोलले, तर वाटेवरून काहीही पाठवायचं नाही. खालची अटकळ तेच वाक्य आबांच्या आवाजात आधीच बोललेली असते. आबा काही वेगळं बोलले, तर तेवढा फरक पाठवायचा. या फरकाला त्यांनी नाव दिलं होतं 'नवल'. सागराखाली फक्त नवल जायचं, बाकी सगळं तिथल्या तिथे तयार व्हायचं. तनुजाचं बोलणंही याच रीतीने वर जायचं.

तनुजाला हे माहीत होतं. म्हणजे भरतीच्या वेळी सांगितलं होतं आणि तिने मान डोलावली होती. पण समोर बाप बोलत असताना त्यातला कितवा शब्द वरून आला, हे कोण मोजत बसतं?

डॉक्टरबाईंनी खण उघडला आणि दोन मिनिटांत आग कुठे आहे ते त्यांना दिसलं. 'थप्पी' नावाच्या एका फोल्डरने खणाचा नव्वद टक्के भाग खाल्ला होता. तनुजाने ते फोल्डर पाहिलं होतं, पण यंत्रणेचं आहे म्हणून हात लावला नव्हता.

"तुम्ही पोच बंद ठेवलीय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

तनुजाने टेबलाच्या खणातून एक वही काढून पुढे ठेवली. अतल केंद्रांवरची ही जुनी रीत. जाणारा माणूस येणाऱ्यासाठी वहीत चार उपयोगाच्या गोष्टी लिहून ठेवतो. कुठला नळ आवळायचा, कुठल्या पंख्याला दचकायचं नाही. पहिल्याच पानावर आधीच्या माणसाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पोच बंद ठेवणे. बोलणं अडखळत नाही.' त्याखाली त्याच्या आधीच्याने लिहिलेलं, 'हेच.'

डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मूळ रचनेत दर तासाला घरच्या संचावर एक प्रश्न उमटायचा, 'हे तुम्हीच बोललात का?' आणि घरच्या माणसाने हो किंवा नाही हे बटण दाबायचं. ती पोच. पण तिच्यासाठी वाट क्षणभर अडायची आणि बोलणं तुटायचं, म्हणून खालच्या लोकांनी ती बंद करायची युक्ती शोधली होती. पोच नाही, म्हणून यंत्र अंदाजाने तयार केलेला प्रत्येक तास जपून ठेवत होतं; खरा की खोटा ते ठरेपर्यंत पुसणार कसा?

"पण पोच पहिल्या दिवसापासून बंद आहे," तनुजा म्हणाली. "मग खण आत्ता का भरला?"

"कारण नवल आलं की थप्पी आपोआप निकालात निघते. माणूस तिथे आहे आणि ऐकतोय, हे नवलावरूनच कळतं." डॉक्टरबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. "यात सात महिन्यांची थप्पी आहे. दोनशे अकरा तास."

तनुजाला अर्थ लगेच लागला नाही. तो लावायला डॉक्टरबाईंनी दूधवाल्याचं उदाहरण घेतलं. रोज दारात एक लिटर ठेवणाऱ्या दूधवाल्याला रोज कुणी सांगत नाही. बदल असेल त्या दिवशी पिशवीत चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठी नाही म्हणजे नेहमीप्रमाणे. घरचा माणूस गप्प राहिला तर त्याला अंदाज मान्य आहे असंच यंत्र धरतं. सुरुवातीला तसं नव्हतं. म्हातारी माणसं बोलता बोलता पाणी प्यायला उठायची, डुलकी घ्यायची, आणि प्रत्येक गप्प क्षण नवल म्हणून धावायचा. वाट तुंबून जायची. म्हणून मौन म्हणजे संमती हा नियम केला. तो नियम त्यांचाच.

"आणि घरात कुणीच नसेल तर?" तनुजाने विचारलं.

"तर दूध येत राहतं."

मग डॉक्टरबाईंनी शेवटचं नवल काय होतं ते शोधलं. ते शब्द नव्हतेच. सात महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी खेळ चालू असताना स्टिअरिंगला डावीकडे सतरा झटके बसले होते. त्यानंतर काही नाही.

तनुजाचा चेहरा उतरला. तिला ती संध्याकाळ आठवत होती. त्या आठवड्यात बस सारखी डावीकडे हिसके खायची. आबा मात्र नेहमीसारखे बोलत होते, तेव्हा तिला वाटलं, खेळ बिघडला. तिने सेटिंग उलटसुलट करून पाहिली आणि 'धक्के गाळा' नावाची एक सोय सापडली, ती चालू केली. बस पुन्हा लोण्यासारखी चालायला लागली. आपण स्वतःच दुरुस्त केलं म्हणून तिने त्या दिवशी आबांकडून शाबासकीसुद्धा घेतली होती.

"गाळलेले धक्के कुठं साठतात?" तिने विचारलं. ते साठत नाहीत, फेकले जातात, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं.

आता प्रश्न एवढाच उरला की पोच चालू करायची की नाही. तो दिसतो तितका सोपा नव्हता. पोच चालू केली की थप्पीतल्या प्रत्येक तासाचा नमुना घरच्या संचावर वाजणार आणि तोच प्रश्न विचारला जाणार. लागोपाठ दहा वेळा 'नाही' आलं, किंवा दहा वेळा काहीच आलं नाही, तर ती अटकळ बाद. यंत्र तिला खणातून काढून टाकतं, कारण चुकणारी अटकळ वाट तुंबवते. म्हणजे आबांचा आवाज, चेहरा, जेवलीस काय, सगळं जाणार. विचारलं नाही तर यातलं काहीच जाणार नाही. डॉक्टरबाई थप्पी हाताने पुसू शकत होत्या. खेळ लगेच चालू झाला असता, आणि आबा आठ वाजेपर्यंत घाट चढले असते, अगदी नेहमीसारखे.

तनुजाने त्या संध्याकाळी संच लावला. आबांनी विचारलं, जेवलीस काय. तिने थेट विचारलं, "आबा, तुम्हीच हाय न्हवं?"

"मीच की गं. दुसरा कोण असणार?" आबा म्हणाले. आवाज त्यांचाच, मधला छोटासा खोकलाही त्यांचाच.

ती उठली आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, पोच चालू करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पहिला प्रश्न वर गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाराव्या मिनिटाला पडद्यावर शब्द आला, 'नाही'.

तनुजा रडायला लागली, आणि ती आनंदाने रडत होती. कुणीतरी होतं. बटण दाबायला तिथे एक बोट होतं. डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग दुसरं 'नाही' आलं. तिसरं. दोन उत्तरांच्या मध्ये कधी मिनिट जायचं, कधी पाच. नऊ 'नाही' झाल्यावर डॉक्टरबाईंनी स्वतःहून प्रश्न थांबवला.

"अजून एक आलं की आवाज जाईल. इथे थांबायचं असेल तर थांबता येतं, तनुजा." त्या पहिल्यांदाच तिच्याशी एकेरीत बोलल्या. "तुला जे कळायचं होतं ते कळलं."

"आबांना काहीतरी सांगायचं आहे," तनुजा म्हणाली. "सात महिने कोणी विचारलं नाही त्यांना. यंत्राला विचारू द्या."

दहावं 'नाही' दुपारी पावणेबाराला आलं. आबांची अटकळ खणातून गेली. वर प्रश्न मात्र चालूच राहिले, कारण थप्पी संपेपर्यंत ते थांबत नाहीत. दुपारी मोठा खंड पडला, बहुधा जेवणाचा आणि झोपेचा. संध्याकाळी पुन्हा सुरू. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोनशे अकरा प्रश्नांना दोनशे अकरा 'नाही' आले. एकही चुकला नाही. कुणी एवढ्या चिकाटीने काही सांगत असल्याचं तनुजाने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी कामाच्या मार्गाने मुख्य कार्यालयाचा मजकूर आला. चौकशी तनुजानेच करायला सांगितली होती. सात महिन्यांपूर्वी सर्जेराव चौगुले यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. शेजारचे खोत पतिपत्नी त्यांचं सगळं करतात. संध्याकाळी सात वाजता ते हाताने खूण करतात, मग त्यांना संचासमोर नेऊन बसवावं लागतं. तनुजाला कळवलं का नाही, असं विचारल्यावर खोतबाई चकितच झाल्या. त्या म्हणाल्या, पोरगी रोज तासभर त्यांच्याशी बोलते, हसते, आम्ही भिंतीपलीकडून ऐकतो. तिला ठाऊक नसेल असं कसं वाटणार?

तनुजाने तो मजकूर तीनदा वाचला. म्हणजे रोज सात वाजता आबा येऊन बसत होते. त्यांच्यासमोर त्यांचाच आवाज त्यांच्या लेकीला विचारायचा, जेवलीस काय. तो विनोद करायचा, आईच्या आठवणी काढायचा, खेळाचं बग की म्हणायचा. आणि ते गप्प बसून ऐकायचे. पहिले काही दिवस त्यांनी डाव्या हाताने स्टिअरिंगला झटके दिले होते.

डॉ. मुजावर त्या दुपारी जेवल्या नाहीत. त्या म्हणाल्या, नियम चांगला होता, अजूनही चांगलाच आहे. हजारो माणसांचं बोलणं त्यावर चाललंय. तिचे वडील त्यात बसले नाहीत, एवढंच. हे बोलून झाल्यावर त्या बराच वेळ कप विसळत राहिल्या. आपण वर गेल्याबरोबर बदलीचा माणूस मागू, असंही त्यांनी सांगितलं. पण केंद्र एक दिवसही रिकामं ठेवता येत नव्हतं, आणि बुडीची पुढची फेरी अकरा आठवड्यांनी होती. तोवर तनुजाला इथेच राहायचं होतं.

संध्याकाळी सातला तिने 'घाटवळण' उघडलं. खण मोकळा झाला होता, खेळ पहिल्या फटक्यात चालू झाला. 'धक्के गाळा' तिने आधीच बंद केलं होतं. ड्रायव्हरच्या जागेवर चेहरा नव्हता. अटकळीशिवाय चेहरा पाठवायला वाट पुरत नाही. यायचं ते फक्त स्टिअरिंगचं वळणं. तिने डबल बेल दिली. बराच वेळ काही झालं नाही. मग बस हलली, डावीकडे सरकली आणि दरडीला जाऊन टेकली.

"आबा, जरा उजवीकडं घ्या," ती म्हणाली. बस मागे आली, पुन्हा डावीकडे गेली, पुन्हा टेकली. डाव्या हाताने स्टिअरिंग ओढता येत होतं, ढकलता येत नव्हतं. ती बोलत राहिली. मला कळलं नाही आबा, माझंच चुकलं, ते धक्के मीच बंद केले. अकरा आठवड्यांत येते. उत्तर येणार नव्हतं, आणि आलं नाही. तासाभरात त्यांनी पहिला मैलाचा दगडसुद्धा ओलांडला नाही. एकदा मात्र बस सरळ दहा-बारा हात चालली, आणि तनुजाने जोरात टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या गोळ्यात कशातरीच वाजल्या.

तिला आनंद व्हायला हवा होता. हेच तिचे खरे आबा होते. सात महिन्यांत पहिल्यांदा तिने त्यांच्याबरोबर तासभर घालवला होता. पण संच बंद केल्यावर तिला कळलं की आपल्याला आबांची आठवण येतेय. आबा समोर बसलेले असताना तासभर तिला आबांचीच आठवण येत होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याने ती आठवण जराही कमी झाली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई सामान आवरत होत्या. तनुजा दारात येऊन उभी राहिली.

"त्या अटकळीची कुठं प्रत असते का?"

डॉक्टरबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी पेटीच्या कप्प्यातून बोटाएवढी एक पट्टी काढून पलंगावर ठेवली. ती बहुधा पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

"सगळेच विचारतात," त्या म्हणाल्या. "ही तू खाली यायच्या आधीची आहे. यातल्या आबांना या दहा महिन्यांतलं काही ठाऊक नाही. फक्त पोच चालू ठेव. दुसऱ्या कोणासाठी नाही, त्यांच्यासाठी. त्यांना नाही म्हणता आलं पाहिजे."

तनुजाने वचन दिलं. बुडी वर गेली, आणि झडप बंद झाल्याचा आवाज बराच वेळ तिच्या कानात राहिला. ती पट्टी तिने दोन दिवस तशीच ठेवली. दोन्ही संध्याकाळी ती आणि आबा खेळायला बसले. पहिल्या संध्याकाळी तिने बोलायचा प्रयत्न केला. दुसऱ्या संध्याकाळी तिला बोलवेना. ती पडद्यासमोर तोंड झाकून बसून राहिली, आणि बसही तासभर जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पट्टी खणाला लावली.

"काय गं, जेवलीस काय?" आबांनी विचारलं.

"जेवले."

"मग दे की डबल. का पास बघत बसणार हाईस उतारूंचे?"

ती हसली, आणि तिला हसू आल्याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. बस निघाली. धुक्यात ती वळणं सांगत होती आणि आबा घेत होते, एकही झटका न देता. चौथ्या वळणावर ते आईच्या माहेरच्या कुत्र्याची गोष्ट सांगायला लागले. ती तिने शंभरदा ऐकली होती, तरी तिने ती पुन्हा ऐकली. ही गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खोलीत, खुर्चीत बसलेला एक मुका माणूसही ऐकतो आहे हे ती एक क्षणही विसरली नाही. गोष्ट संपेपर्यंत तिने थांबवलीही नाही.

तास संपला. नियमाप्रमाणे प्रश्न वर गेला, 'हे तुम्हीच बोललात का?' तनुजा पडद्याकडे पाहत बसली. उत्तर काय येणार हे तिला माहीत होतं. दोनशे अकरा वेळा ते आलं होतं. ते आलं की पट्टी काढून ठेवायची, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यांनी आपल्याला थांबवावं असंच तिला वाटत होतं म्हणा ना.

सहा मिनिटांनी पडद्यावर शब्द उमटला, 'हो'.

ती कितीतरी वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिली. आबा तिच्याशी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. तिने त्यांना हाक मारली आणि त्यांचा आवाज लगेच म्हणाला, "काय गं? उद्या येतीस न्हवं?" यंत्राने तो तास खरा धरला आणि लगोलग पुसून टाकला. खणात आता भरपूर जागा होती.